एकाच बँडवरची निष्ठा : ‘ग्रेटफुल डेड’ आणि त्यांचे श्रोते

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात रॉक बँड कुठून आला, असं काहींच्या मनात आलं असेल. म्हणून आधी प्रश्न सांगतो आणि मग बँडकडे वळतो. एखाद्या कलावंतावर माणसाने सगळा जीव टाकला, दुसऱ्या कुणाचं ऐकायलाही तो तयार नाही, तर त्याला ती कला कळते असं म्हणायचं की नाही? भक्त आणि समीक्षक एकाच माणसात नांदू शकतात का?

प्रश्न प्लेटोइतका जुना आहे. ‘आयॉन’ नावाचा त्याचा एक छोटासा संवाद आहे. आयॉन हा इफिससचा. होमरची काव्यं लोकांपुढे रंगवून सादर करणं हा त्याचा व्यवसाय. तो सॉक्रेटिसला सांगतो, होमरचा विषय निघाला की मी खडबडून जागा होतो, बोलायला शब्द कमी पडत नाहीत. पण दुसऱ्या कवीची चर्चा सुरू झाली की मला डुलक्या यायला लागतात. सॉक्रेटिस त्याला इथेच पकडतो. त्याचं म्हणणं असं, की तुला काव्य खरोखर कळत असतं तर सगळ्याच कवींबद्दल बोलता आलं असतं. ज्याला चित्रकला कळते तो एकाच चित्रकारापुरता जागा आणि बाकीच्यांच्या वेळी झोपलेला, असं कधी होतं का? तेव्हा तुझ्याकडे आहे ते ज्ञान नव्हे, ती झपाटलेली अवस्था आहे.

मग येतो तो लोहचुंबकाचा प्रसिद्ध दृष्टान्त. चुंबकाला एक कडी चिकटते, त्या कडीला दुसरी, दुसरीला तिसरी. काव्यदेवता म्हणजे चुंबक, कवी ही पहिली कडी, सादर करणारा दुसरी आणि श्रोता शेवटची. शेवटच्या कडीत स्वतःचं काही नाही. वरून आलेली ओढ तेवढी आहे.

या आरोपाला उत्तर देता येतं का, हे मला बघायचं आहे. आणि त्यासाठी ‘ग्रेटफुल डेड’च्या श्रोत्यांइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

बँडची ओळख थोडक्यात. १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या पालो अल्टो भागात ही मंडळी एकत्र आली. जेरी गार्सिया हा गिटारवादक, मूळचा ब्लूग्रास बँजो वाजवणारा. फिल लेश बास वाजवायचा. तो आधुनिक पाश्चात्त्य रचनासंगीत शिकलेला, लुचानो बेरिओचा विद्यार्थी. रॉन मॅककर्नन, ज्याला सगळे पिगपेन म्हणत, तो ब्लूजमध्ये मुरलेला. बॉब वीअर दुसरा गिटारवादक, बिल क्रॉइट्झमन ड्रमवर, आणि १९६७पासून मिकी हार्ट हा दुसरा ड्रमवादक. शिवाय रॉबर्ट हंटर हा कवी, जो मंचावर न येता गार्सियाच्या चालींना शब्द देत राहिला. म्हणजे बघा, कुणाचं संगीत कुणाच्या घरचं नाही. यांना एकत्र वाजवायचं तर एकमेकांचं ऐकत, चाचपडत जाणं भाग होतं. या बँडच्या सर्जनाचा उगम मला त्या चाचपडण्यात दिसतो.

‘डार्क स्टार’चं उदाहरण घ्या. १९६८ साली ती छोट्या तबकडीवर आली, तेव्हा तीन मिनिटांपेक्षाही लहान होती. पुढच्याच वर्षी ‘लाइव्ह/डेड’ या अल्बमवर तीच रचना तेवीस मिनिटांची झाली. कच्चा माल किती? दोन स्वरसंघांची येरझार आणि एक लहानसं गाणं. आपल्याकडे दोन ओळींच्या बंदिशीवर तासभर विस्तार होतो, त्यामुळे ख्याल ऐकणाऱ्या माणसाला यात नवल वाटायचं नाही. पण एक मोठा फरक आहे. ख्यालात विस्ताराची सूत्रं एका गायकाकडे असतात. इथे ती कुणाकडेच नाहीत. लेशचा बास खालून आधार देत उभा राहत नाही, तो स्वतःचीच एक धून वाजवत फिरतो. गार्सिया एक वाक्य अर्धवट सोडतो आणि ते तिसराच कुणी पुरं करतो. कधी कुणीच करत नाही. मग मिनिटभर नुसती भटकंती होते आणि कंटाळाही येतो. हे लपवायचं कारण नाही. कंटाळ्याचा धोका पत्करल्याशिवाय असं संगीत होतच नाही.

हिंदुस्थानी संगीताशी यांचा संबंध तुलनेपुरता नाही, प्रत्यक्ष आहे. मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडून तालाचे धडे घेऊन आला. ‘द इलेव्हन’ ही त्यांची अकरा मात्रांची रचना त्याच काळातली. पुढे मुंबईत जन्मलेले झाकीर हुसेन आणि हार्ट यांनी मिळून ‘दिगा ऱ्हिदम बँड’ काढला. त्याचा अल्बम १९७६चा.

आता श्रोत्यांकडे वळू. यांना ‘डेडहेड’ म्हणतात. तीस वर्षांत या बँडने सुमारे २३०० कार्यक्रम केले आणि कुठल्याही दोन रात्री सारख्या झाल्या नाहीत. गाण्यांचा क्रम आधी ठरलेला नसे, एकेका गाण्याची लांबी ठरलेली नसे. म्हणून लोक गावोगाव त्यांच्या मागे फिरायला लागले. काही जण ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन येत. दुसऱ्या एखाद्या बँडने त्यांना बाहेर काढलं असतं. यांनी चालू दिलं आणि १९८४पासून तर सभागृहात त्यांच्यासाठी वेगळी जागाच ठेवली. अट एकच, विकायचं नाही. टेपच्या बदल्यात टेप द्यायची. अशा हजारो टेपा हातोहाती फिरल्या. १९८७पासून ‘डेडबेस’ नावाची जाडजूड पुस्तकं निघू लागली. कुठल्या तारखेला, कुठे, कोणत्या क्रमाने काय वाजलं, याची नोंद त्यांत असे. पंचांगच म्हणा ना!

सॉक्रेटिसच्या आरोपाला उत्तर इथे सापडतं, असं मला वाटतं. सॉक्रेटिसचं गृहीत असं, की तुलना करायची तर अनेक कवी हवेत. पण ज्याच्यावर निष्ठा आहे तोच जर दर रात्री वेगळा होत असेल, तर तुलना त्या एकाच्या आतच सुरू होते. डेडहेड गाण्याचं नुसतं नाव घेत नाही, तारीख सांगतो. ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम. त्यात ‘स्कारलेट बिगोनियाज’ हे गाणं ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये कसं विरघळतं, शिवण नेमकी कुठे आहे, यावर ही माणसं तासन्‌तास बोलतील. आणि दुसरा एखादा, तितकाच निष्ठावान, म्हणेल की त्या रात्रीचं कौतुक जास्तच झालं. टेप फार स्वच्छ निघाली आणि सगळ्यांकडे पोचली, म्हणून ती गाजली. त्याच महिन्यातल्या दुसऱ्या रात्री ऐका. याला समीक्षा म्हणायचं नाही तर कशाला? वादन आणि ध्वनिमुद्रण यांत फरक करणं, कीर्ती आणि गुण यांत फरक करणं, हेच तर आम्ही वर्गात शिकवत आलो.

अभिनवगुप्ताने ‘सहृदय’ सांगितला आहे तो इथे आठवतो. काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झाला आहे आणि म्हणून जो वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो, तो सहृदय. यात दोन गोष्टी आहेत, तन्मयता आणि अभ्यास, आणि अभ्यास आधी येतो. आयॉनपाशी तन्मयता भरपूर होती. वही ठेवणाऱ्या डेडहेडपाशी दोन्ही होतं. आणि ती कडीही नुसती लोंबकळत नव्हती. श्रोता कान देऊन ऐकतोय हे माहीत असल्यामुळे वाजवणारा धोका पत्करत होता. शेवटची कडी चुंबकाला उलट ओढत होती.

इथे थांबलो असतो तर व्याख्यान गोड झालं असतं. पण या उलट्या ओढीची दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितली नाही तर मी भक्ताचीच भाषा बोलतोय असं होईल.

जुलै १९८६मध्ये गार्सिया मधुमेहाने बेशुद्धावस्थेत गेला. वाचला, पण गिटार जवळजवळ नव्याने शिकावी लागली. पुढच्याच वर्षी ‘टच ऑफ ग्रे’ गाजलं. अमेरिकेतल्या पहिल्या दहात आलेलं त्यांचं हे एकमेव गाणं. गर्दी इतकी वाढली की मोठी मैदानं पुरेनात. बँडवर अनेक कुटुंबांचं पोट अवलंबून होतं, दौरे थांबवणं सोपं राहिलं नव्हतं. गार्सियाचं व्यसन सुटत नव्हतं. शेवटच्या वर्षांतल्या टेपांमध्ये हे ऐकू येतं. बोटं अडखळतात, तो शब्द विसरतो. २ जुलै १९९५ला इंडियानात, डीअर क्रीक इथे, तिकीट नसलेल्या हजारोंनी कुंपण मोडलं आणि आतल्या काहींनी त्यांना टाळ्या वाजवून उत्तेजन दिलं. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द झाला, बँडने श्रोत्यांना उद्देशून कडक पत्र काढलं. ९ जुलैला शिकागोत शेवटचा कार्यक्रम झाला आणि ९ ऑगस्टला एका व्यसनमुक्ती केंद्रात गार्सिया गेला. वय ५३.

श्रोत्यांनी त्याला मारलं, असं मी म्हणत नाही. व्यसन त्याचं होतं आणि कारणं अनेक होती. माझा मुद्दा समीक्षेचा आहे. ज्या कानांना १९७७च्या एका रात्रीतली शिवण कळत होती, त्या कानांना १९९४मधलं अडखळणं कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. काहींनी तसं बोलूनही दाखवलं आणि जाणं थांबवलं. पण बहुतेकांनी जे ऐकलं ते क्षमेच्या खात्यावर टाकलं आणि पुढचं तिकीट काढलं. विसरलेल्या शब्दालासुद्धा मायेने टाळ्या पडल्या. निष्ठा इथे आंधळी नव्हती. तिला दिसत होतं, पण दिसलेल्याची जबाबदारी तिने घेतली नाही. मला हा दोष अज्ञानापेक्षा गंभीर वाटतो.

म्हणून सॉक्रेटिसला माझं उत्तर अर्धं आहे. एकावरच जीव टाकून ज्ञान होतं, हे या मंडळींनी दाखवून दिलं. पण ते ज्ञान प्रिय माणसाच्या अंगावर शेकायला लागलं की ते बोलून दाखवायचं धैर्य निष्ठेत आपोआप येत नाही. ते वेगळं कमवावं लागतं. ‘आज वाजवू नका, विश्रांती घ्या,’ हे वाक्य समीक्षेतही बसतं आणि प्रेमातही. ते म्हणणाऱ्याला मात्र पुढची रात्र सोडायची तयारी ठेवावी लागते.

आपल्यापैकी प्रत्येकाचा कुणीतरी गार्सिया असतो. गायक असेल, लेखक असेल, एखादा विचारवंतही असेल. त्याच्या नावाने आपण जागे होतो आणि बाकीच्यांच्या वेळी आपल्याला डुलक्या येतात. त्याबद्दल लाजायचं कारण नाही. स्वतःला दोन प्रश्न मात्र विचारा. माझ्या या प्रेमामुळे माझा कान अधिक बारीक झाला का? आणि त्या कानाला नकोसं काही ऐकू आलं, तेव्हा मी काय केलं?

घरी गेल्यावर आधी ती १९६८ची छोटी ‘डार्क स्टार’ ऐका, मग तेवीस मिनिटांची. मधे कंटाळा आला तर कुठे आला ते कागदावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी आपण तिथूनच सुरुवात करू.