विषय व शैली, कलाकृतीतील
कलाकृतीत जे दाखविलेले असते, तो तिचा विषय. ते दाखविण्याची रीत ही तिची शैली होय. हा भेद मावळ तालुक्यातील (जि. पुणे) लेण्यांत स्पष्ट दिसतो. भाजे येथील एका विहारात (इ. स. पू. दुसरे–पहिले शतक) कोठडीच्या दाराच्या दोन्ही बाजूंस दोन शिल्पपट आहेत. एकात चार घोड्यांच्या रथात एक पुरुष व दोन स्त्रिया आहेत; दुसऱ्यातील गजारूढ पुरुषाच्या हत्तीने सोंडेने वृक्ष उपटला आहे. हे पुरुष सूर्य व इंद्र होत, हे मत रूढ झाले. काही अभ्यासकांनी मात्र येथे चक्रवर्ती मांधात्याची कथा पाहिली. विषय असा वादग्रस्त असला, तरी शैली निःसंदिग्ध आहे : उठाव कमी, पृष्ठभाग आकृतींनी व्यापलेला आणि आकृतींचे लहानमोठेपण अंतरावरून नव्हे, तर महत्त्वावरून ठरविलेले.

लोणावळ्याजवळील कार्ले येथील चैत्यगृहात (इ. स. पहिले–दुसरे शतक) स्तंभशीर्षांवर पुन्हा गजारूढ मूर्ती आढळतात. तेथील हत्ती मात्र गुडघे टेकून जोडीने बसलेले असून, त्यांवरील भरीव मूर्तीही स्तंभांच्या ओळीची शिस्त पाळतात. भाज्याचा हत्ती सारा पट व्यापतो. कार्ल्याचे हत्ती वास्तूचे अंग होऊन राहतात.

विषयाची ओळख पटविण्यास कथा, लक्षणे व लेख यांचा आधार लागतो. शैलीची साक्ष मूर्तीच्या घडणीतच असते. म्हणून देवतेचे नाव निश्चित झाले, की शिल्पाचे आकलन पूर्ण झाले, असे मानता येत नाही.