आगंतुक पात्रे आणि त्यांचे खर्डे

लिहिता लिहिता एखादे पात्र न बोलावता कादंबरीत शिरले, असे अनेक कादंबरीकार सांगतात. आपण ते कौतुकाने ऐकतो आणि सोडून देतो. मला मात्र दुसराच प्रश्न पडतो : तो पाहुणा आल्यावर आधीपासून घरात असलेल्यांचे काय झाले?

चार्ल्स डिकन्सचे 'पिकविक पेपर्स' १८३६-३७ मध्ये दरमहा एक भाग याप्रमाणे निघाले. मूळ कल्पना होती ती शिकारी-खेळाडू मंडळींच्या फजितीच्या चित्रांना मजकूर पुरवण्याची. चौथ्या भागात, दहाव्या प्रकरणात, लंडनच्या एका खाणावळीच्या अंगणात बूट पुसणारा सॅम वेलर येतो. सुरुवातीला रखडलेला खप शेवटी ४० हजारांच्या घरात गेला. समीक्षक हा खपाचा चमत्कार सांगून थांबतात. खरा बदल पिकविकमध्ये आहे. पहिल्या भागांतला पिकविक हा हसे होण्यासाठीच उभा केलेला गृहस्थ. पुढे तो तुरुंगात जातो तेव्हा त्याच्याजवळ राहता यावे म्हणून सॅम स्वतःवर कर्जाची अटक ओढवून घेतो. ज्याच्यासाठी नोकर एवढे करतो, त्या मालकाला वाचक हसणार कसा? पिकविक बदलल्याचा आक्षेप डिकन्सच्या कानावर आलाच. पुढच्या एका प्रस्तावनेत त्याने उत्तर दिले, की माणूस बदलला नाही, आपली त्याच्याशी ओळख वाढली. मला हे उत्तर अपुरे वाटते. ती ओळख सॅमच्या डोळ्यांनी झाली. पहिले भाग छापून विकले गेले होते, म्हणून तो सांधा आजही दिसतो.

टॉल्किनचे उलट. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या १९३८ च्या सुमाराच्या खर्ड्यात ब्री गावच्या खाणावळीत कोपऱ्यात एक लाकडी बूट घातलेला हॉबिट बसला आहे, नाव ट्रॉटर. तो कोण, हे खुद्द लेखकालाही ठाऊक नव्हते. १९५५ साली कवी ऑडनला लिहिलेल्या पत्रात त्याने तसे कबूल केले आहे. उत्तरे लिहिली गेली, खोडली गेली. शेवटी त्या हॉबिटचा माणूस झाला, स्ट्रायडर झाला, आणि राज्याचा वारस अॅरागॉर्न ठरला. पुस्तक १९५४-५५ मध्ये आले, तोवर मागे जाऊन सारे पुन्हा लिहायला त्याला सवड होती. म्हणून छापील पुस्तकात सांधा दिसत नाही. मुलाने, क्रिस्टोफरने, खर्डे छापले नसते तर हा माणूस आगंतुक होता, हे छापील पानांवरून ओळखता आले नसते.

यावरून मी एक कसोटी मांडतो. पात्र अचानक आले, यात विशेष नाही. त्याच्या येण्याने आधीचे कोण बदलले, ते पाहावे. कोणीच बदलले नसेल तर ती केवळ गर्दी.

मराठीत ही कसोटी लावायची कशी? हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मधून क्रमशः येत; तिथे डिकन्ससारखे सांधे छापील अंकांतच शोधता येतील, आणि ते काम कोणीतरी हाती घ्यावे. पण नंतरच्या लेखकांसाठी खर्डेच हवेत. एका दिवंगत कादंबरीकाराच्या घरी मी वह्या पाहायला गेलो होतो. घरच्यांनी अगत्याने चहा दिला, पुरस्कारांची कपाटे दाखवली. वह्या घर रंगवताना रद्दीत गेल्या होत्या.

त्या वह्यांत कोण न बोलावता आले होते, ते आता कधीच कळायचे नाही.