‘शरीरातील वीज’ : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

ॲक्युपंक्चर आणि व्यायाम यांविषयीच्या मराठी लेखनात ‘शरीरातील वीज वाढते’ या आशयाचे विधान आढळते. या उपचारपद्धतीस महाराष्ट्रात २०१५ च्या अधिनियमाने कायद्याचे अधिष्ठान दिले असल्यामुळे तिची परिभाषा तपासणे हे केवळ कोशकाराचे काम उरलेले नाही.

चिनी ‘ची’ला ‘ऊर्जा’ व ‘जिंग’ला ‘मेरिडियन’ हे पर्याय पाश्चात्त्य वाचकांत रूढ केले ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच लेखक सूलिए द मोरां यांनी. ‘ऊर्जा’ ही पदार्थविज्ञानाची संज्ञा. ती आली की तिच्यामागोमाग वीजही येते. ‘मेरिडियन’साठी योजिली जाणारी ‘नाडी’ही निर्दोष नाही. वैद्याची नाडी मनगटावर लागते. योगशास्त्रातील इडा-पिंगला कोणाच्याच बोटाला लागत नाहीत. (हकिमाच्या ‘नब्ज’बाबत मराठवाड्यात असा घोटाळा संभवत नाही.)

जपानमध्ये नाकातानी यांना १९५० साली मूत्रपिंडाच्या रोग्याच्या त्वचेवर कमी विद्युत्‌रोधाचे बिंदू आढळले. त्या बिंदूंच्या रेषांना त्यांनी ‘र्योदोराकू’, म्हणजे सुवाहक रेषा, असे नाव दिले. निष्कर्ष नावातच येऊन बसला. २००८ च्या एका समीक्षेत बिंदूंविषयीच्या ९ अभ्यासांपैकी ५ व रेषांविषयीच्या ९ पैकी ७ अनुकूल ठरले, तरीही समीक्षकांनी पुरावा निर्णायक मानला नाही.

हृदयस्नायूंची वीज आलेखावर उतरते, ती शरीराने स्वतः निर्माण केलेली असते. त्वचेचा रोध ही निराळी गोष्ट. तेथे प्रवाह यंत्राचा असतो. त्वचा त्याला किती अडविते एवढेच मोजले जाते, आणि ते मुख्यतः तिच्या शुष्क बाह्य थरावर व घामावर अवलंबून असते. व्यायामाने घाम येतो. सुईच्या टोचणीने अनुकंपी तंत्रिका उत्तेजित होऊन तळहात ओलावतात. यंत्राचे टोक जोराने दाबले तरी आकडा बदलतो.

मानवतच्या कापूसबाजारात ओझी वाहून आलेला हमाल आणि गादीवर बसलेला अडत्या यांचे तळहात एकाच यंत्राने मोजले, तर हमालाची ‘ऊर्जा’ अधिक भरण्याचा संभव आहे, मग त्याला मधुमेह का असेना. त्या आकड्यावर विसंबून त्याने औषध सोडले, तर यंत्राला बोल लावता येणार नाही. यंत्राने रोध मोजला. ‘ऊर्जा’ हा शब्द त्याला सांगणाऱ्याने पुरविला. ‘त्वचेचा विद्युत्‌रोध घटला’ हे वाक्य रुक्ष खरे, परंतु मोजलेले तेवढेच आहे.