‘आम्ही’, ‘आपण’ आणि पूर्वेचा प्रवास

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची रूपे दोन आहेत : श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’. (आदरार्थी द्वितीयपुरुषी ‘आपण’ येथे बाजूस ठेवू.) प्रवासवर्णनाचा बराचसा व्यवहार या दोहोंवर चालतो. अनुभव ‘आम्ही’च्या नावे येतो, सल्ला ‘आपण’च्या. युरोपविषयक लेखनात ही सीमा बहुधा स्वच्छ राहते. लेखक आशियाकडे वळला की मात्र ‘आपण’मधून ‘आपले’ निघते, आणि ते वाचकापुरते न राहता परक्या देशातील देवळे, नावे व शब्दही कवेत घेते.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’ (१९६३) या ग्रंथाचे शीर्षकच पाहावे. त्यात पूर्व दिशाही आहे आणि कीर्तनाचा पहिला भागही. श्लेष सुंदर आहे. पण त्यामुळे सारी पूर्व आपल्या कीर्तनात येऊन बसते, हेही खरे. विनोदकाराला ही मुभा असावी. अनुकरण करणाऱ्यांनी त्या मुभेचा सिद्धान्त केला, हे आक्षेपार्ह होय.

या सिद्धान्ताचा आधार शब्दसाम्य. इंडोनेशियन भाषेत ‘इस्त्री’ म्हणजे पत्नी. कोणतीही स्त्री नव्हे. ‘कोटा’ म्हणजे शहर. ‘सत्य’पासून आलेला ‘सेतिया’ म्हणजे एकनिष्ठ. ‘उपवासा’पासून झालेला ‘पुआसा’ हा शब्द रमजानच्या रोजालाही लावतात. बँकॉकच्या ‘सुवर्णभूमी’ विमानतळाचा उच्चार ‘सुवन्नफूम’ असा होतो. शब्द संस्कृतातून गेला, अर्थ व उच्चार तेथे घडले. हिंदीतील ‘शिक्षा’ ऐकून मराठी माणूस दचकतो, तेव्हा त्याला हा भेद तत्काळ कळतो. बालीत पोहोचल्यावर तो का विसरावा? प्रवाशाच्या उपयोगी पडतो तो हा बदललेला अर्थ, आणि आपली पुस्तके नेमकी त्याच्या अलीकडे थांबतात.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हा प्रश्न उलट बाजूनेही दिसतो. जपान, थायलंड, श्रीलंका येथील बौद्ध यात्रेकरू अजिंठ्याला येतात, आणि त्यांनी ती लेणी आपली म्हटल्यास त्यांना आपल्याइतकाच आधार आहे. सातव्या शतकात ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला, तोही बौद्धच. परंतु त्याने देशाचा विस्तार, जमीन, हवामान आणि लोकस्वभाव यांची नोंद केली. येथील लोक उपकाराला जागतात आणि अपमानाचा सूड घेतात, असे तो लिहितो. त्या काळी या मुलखात उतरणाऱ्या परदेशीयाला याहून उपयुक्त सल्ला क्वचितच मिळाला असता.