थरारपटाची पहिली दोन मिनिटं

आजचा विषय मुलांकडून आलेला आहे. माध्यम शिकणाऱ्या मुलांना एक स्वाध्याय हमखास दिला जातो. एका थरारपटाची फक्त सुरुवात तयार करा, साधारण दोन मिनिटांची, श्रेयनामावलीसकट. पुढचा चित्रपट करायचा नाही. तो नसतोच. मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, कॅमेरा कधी हातात धरला नाही. पण मुलं आपलं काम दाखवायला येतात आणि मीही हौसेनं बघतो.

बहुतेक वेळा काय दिसतं सांगू? अंधारा जिना. गळणारा नळ. चालणारे बूट, फक्त बूट. टोपी पुढे ओढलेल्या माणसाची पाठ. मागे खालच्या पट्टीत घुमणारा आवाज. एक मुलगी दचकून मागे बघते, पडदा काळा होतो आणि नाव येतं. थरारपटाची सगळी लक्षणं इथे हजर आहेत. थरार तेवढा नाही. का नाही, एवढंच आज बघायचं आहे.

आधी 'जॉनर' हा शब्द घेऊ. चित्रप्रकार म्हणा हवं तर, पण मुलं जॉनरच म्हणतात, आपणही तेच म्हणू. मुलांच्या वहीत जॉनर म्हणजे यादी असते: अंधार, पाठलाग, हत्यार, एकटी मुलगी. आता आपल्या न्यायशास्त्रात लक्षण तपासायची एक जुनी रीत आहे. लक्षण नको तिथे लागू पडलं तर अतिव्याप्ती, हवं तिथे लागू पडलं नाही तर अव्याप्ती. 'अंधार' हे लक्षण लावून बघा. अंधार भयपटात असतो, प्रेमपटातही असतो. ही झाली अतिव्याप्ती. उलट हिचकॉकच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) मधला तो प्रसिद्ध प्रसंग आठवा. भर दुपार, सपाट मोकळी शेतं, लपायला झाड नाही, आणि औषध फवारणारं विमान माणसाच्या अंगावर येतं. अंधाराचा लवलेश नाही आणि थरार पुरेपूर. ही अव्याप्ती. यादीतल्या प्रत्येक वस्तूचं हेच होतं. विट्गेनश्टाइन म्हणेल की एकच समान गुण शोधूच नका, कुटुंबातल्या माणसांसारखी साम्यं बघा, एकाचं नाक, दुसऱ्याची चाल. मान्य. पण ज्याला उद्या शूटिंग करायचं आहे त्याला नाक आणि चाल यांतून फारसं काही हाती लागत नाही.

हाती लागेल असं एक तोदोरोवकडे आहे. १९६६ साली त्यानं गुप्तहेरकथांच्या प्रकारांवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की रहस्यकथेत गुन्हा आधीच घडून गेलेला असतो आणि आपण मागे बघत असतो. थरारकथेत गोष्ट डोळ्यांसमोर घडत असते आणि आपण पुढे बघत असतो. आपल्याकडचा 'पाठलाग' (१९६४, राजा परांजपे) घ्या, त्यावरूनच राज खोसलांनी 'मेरा साया' (१९६६) केला. मरण पावलेल्या पत्नीसारखी हुबेहूब दिसणारी बाई समोर उभी राहते. ही कोण, हा तिथला प्रश्न. उत्तर भूतकाळात पुरलेलं आहे. चांगलं रहस्य आहे ते. थराराचा प्रश्न मात्र 'आता काय होईल' असा असतो. आणि 'आता काय होईल' अशी धास्ती वाटायला आधी मला काहीतरी ठाऊक असावं लागतं. ज्याला काहीच माहीत नाही त्याला धास्ती कसली?

हिचकॉकनं त्रुफोला दिलेल्या मुलाखतीतलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे, ते मी परत सांगत नाही. त्याहून चांगलं उदाहरण पडद्यावर आहे. ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ ईव्हिल', साल १९५८.

सुरुवातीला दोन हात दिसतात. बॉम्बला जोडलेल्या घड्याळाचा काटा फिरवतात. कोणीतरी धावत येऊन तो बॉम्ब एका उघड्या मोटारीच्या डिकीत ठेवतो आणि पळतो. एक श्रीमंत गृहस्थ आणि त्याच्या सोबतची बाई येतात, मोटारीत बसतात, मोटार निघते. कॅमेरा क्रेनवरून वर जातो, घरांच्या छपरांवरून पुन्हा रस्त्यावर उतरतो. मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरचं गाव, रात्रीची वर्दळ. एक नवविवाहित जोडपं चालत चाललं आहे, मेक्सिकन अधिकारी व्हार्गस आणि त्याची अमेरिकन बायको. मोटार कधी त्यांच्या पुढे जाते, कधी गर्दीत अडकून मागे राहते, कधी अगदी शेजारी थांबते. सीमेवरच्या नाक्यावर शिपाई व्हार्गसचं अभिनंदन करत गप्पा मारतो. मोटारीतली बाई तक्रार करते की डोक्यात टिकटिक ऐकू येते आहे, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. हे सगळं तीन मिनिटांहून जास्त वेळ, एकाही कटाशिवाय. मग मोटार चौकटीबाहेर जाते, जोडपं चुंबन घेतं, आणि स्फोट.

इथे जॉनरची कुठली खूण आहे? गाव आहे, गर्दी आहे, संगीत आहे, हसणारी माणसं आहेत. घड्याळाचा काटा काढून टाका, उरते ती एका सहलीची फिल्म. तो एक काटा आपल्याला दाखवला आणि रस्त्यातल्या कोणालाच नाही दाखवला, म्हणून एरवीचा हातगाडीचा अडथळासुद्धा अंगावर येतो. कट नसण्याचं कारणही हेच. कट केला की मधला वेळ चोरता येतो, आणि इथे घड्याळ चालू आहे, वेळ चोरलेला चालणार नाही. मुलं मला विचारतात, 'सर, लाँग टेक घेऊ का?' तुमच्या प्रसंगात घड्याळ चालू असेल तर घ्या. नुसतं दिसायला छान म्हणून घेणार असाल तर कशाला?

या प्रसंगाची आणखी एक हकिगत स्वाध्याय करणाऱ्यांच्या फार उपयोगाची आहे. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा स्टुडिओनं याच शॉटवर श्रेयनामावली चढवली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत घातलं. स्टुडिओनं केलेलं संकलन बघून वेल्सनं अठ्ठावन्न पानांचं टिपण लिहून दिलं होतं. त्याच्या आधारानं १९९८ मध्ये वॉल्टर मर्चनं चित्रपट पुन्हा बांधला. नावं काढली, संगीत काढलं आणि त्या जागी रस्त्यावरच्या दुकानांतून, मोटारीच्या रेडिओतून येणारे आवाज ठेवले. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ बघा. पहिलीत आपण नावं वाचतो, तेवढ्यात मोटार नजरेतून सुटते. दुसरीत मोटारीच्या रेडिओवरून कळतं की ती जवळ आली. तेव्हा स्वाध्यायात श्रेयनामावली कुठे टाकायची याचं उत्तर मिळालं ना? जिथे प्रेक्षकाच्या हाती माहिती द्यायची आहे त्या शॉटवर अक्षर नको.

आता थोडं घरचं. आपल्याकडे पाठलागानं सुरू होणारी एक फार जुनी कलाकृती आहे. 'अभिज्ञानशाकुंतल'. प्रस्तावना संपते आणि रथावर दुष्यंत, हातात धनुष्य, पुढे जिवाच्या आकांतानं पळणारं हरीण. अभिनवगुप्तानं नाट्यशास्त्रावरच्या टीकेत रसानुभव कसा होतो हे सांगताना याच हरणाचं उदाहरण घेतलं आहे. तो म्हणतो, हे अमुक हरीण, अमुक राजा, अमुक काळ ही बंधनं गळतात आणि निव्वळ भय उरतं. माझं नाही, तुझं नाही, शत्रूचं नाही. म्हणून आपण पळत सुटत नाही आणि तटस्थही राहत नाही. ही मांडणी मला थरारपटाबद्दल आजही सगळ्यात खोल वाटते. आणि योगायोग बघा, श्रीराम राघवनचा 'अंधाधुन' (२०१८), आपल्या पुण्यातच घडणारा, तोही असाच उघडतो. कोबीचं शेत, बंदूकवाला माणूस आणि पळणारा ससा. मग पडदा काळा आणि मोटारीच्या अपघाताचा आवाज.

पण हा ससा वेल्सच्या बॉम्बच्या अगदी उलट आहे. बॉम्बनं आपल्याला पात्रांपेक्षा जास्त माहिती दिली. ससा आपल्याला कमी माहिती देतो. कोण माणूस, कोणती मोटार, याचा चित्रपटाशी संबंध काय, काही कळत नाही. ते कळतं जवळजवळ शेवटी. राघवननं सुरुवातीला उधार घेतलं आणि दोन तासांनी व्याजासकट फेडलं. स्वाध्याय करणाऱ्या मुलांनी नेमकं हेच उचललं आहे, उधार घ्यायचं. तो टोपीवाला कोण, तो का आला, मुलगी कोण, सगळं झाकलेलं. मंडळी, तुमच्याकडे पुढचे दोन तास नाहीत. चित्रपट नाहीच आहे. फेडणार कुठून? म्हणून माझं स्पष्ट मत आहे की दोन मिनिटांच्या स्वाध्यायात झाकू नका, सांगा. एक गोष्ट प्रेक्षकाला सांगा आणि पात्राला सांगू नका. कथा त्याच्या पुढे सुरू होते.

कागदावर करून बघू. शॉटची यादी नंतर. आधी दोन रकाने काढा: प्रेक्षकाला काय ठाऊक, पात्राला काय ठाऊक.

एक घर. एक आजोबा, माझ्याच वयाचे धरा. टेबलावर गोळ्यांची डबी, सात कप्प्यांची, कप्प्यांवर वार लिहिलेले. कोणाचे तरी हात आठवड्याच्या गोळ्या भरत आहेत. सोमवार, मंगळवार, सगळीकडे त्याच तीन गोळ्या. बुधवारच्या कप्प्यात मात्र हात थांबतो, त्यातली पांढरी गोळी काढतो आणि तिच्या जागी तशीच दिसणारी दुसरी ठेवतो, निराळ्या पुडीतून. गुरुवारपासून पुन्हा नेहमीच्या. झाकणं टकाटक बंद. याला वीस-पंचवीस सेकंद पुरेत, आणि इथे संगीत नको, नाव नको. उरलेल्या वेळात आजोबा. रेडिओ लावतात, फोनवर कोणाला तरी सांगतात की बुधवारी नातू येणार, बासुंदी करायला सांगितली आहे. एक झाकण उघडतात. कोणता वार? कॅमेऱ्यानं सांगायची घाई करू नये. डबी टेबलावरून खाली पडते, गोळ्या सांडतात, आजोबा वाकून एकेक गोळा करतात आणि अंदाजानं परत कप्प्यांत टाकतात. आता ती एक गोळी कुठल्या वारात गेली हे भरणाऱ्यालाही ठाऊक नाही. आलं नाव. यात जिना नाही, सुरी नाही, खर्च शून्य. दिवसा, खिडकीच्या उजेडात करा.

पण थांबा. सगळ्यात अवघड निर्णय राहिलाच आहे. ते हात कोणाचे?

त्या हातांत काचेच्या बांगड्या घाला, राबून खरखरीत झालेली बोटं दाखवा. प्रेक्षक क्षणात म्हणेल, कामवाली बाई. हातात महागडं घड्याळ असेल तर मुलगा किंवा सून. प्रेक्षकाच्या डोक्यात संशयितांची एक यादी आधीच तयार असते. ती चित्रपटातून आली तशी वर्तमानपत्रातून आणि घरातल्या बोलण्यातूनही आली. जॉनरची खूण म्हणून आपण जे वापरतो, दाढी, टोपी, वस्तीतली अरुंद गल्ली, सावळा रंग, ते त्या यादीवरून उचललेलं असतं. मुलांना हे कोणी सांगत नाही. 'भीतीदायक माणूस दिसला पाहिजे' एवढंच सांगतात. मग मुलं त्यांच्या आजूबाजूचा जो माणूस भीतीदायक मानला जातो त्याला उभा करतात. अभिनवगुप्ताचं भय कोणाचंही नसलेलं भय होतं. हे भय मात्र एका विशिष्ट माणसाच्या नावावर चढतं आणि चित्रपट संपल्यावरही त्याच्या नावावर राहतं.

'टच ऑफ ईव्हिल'चा पुढचा सगळा भाग याच प्रश्नावर उभा आहे, म्हणून तो मला इतका महत्त्वाचा वाटतो. स्फोटाच्या संशयावरून सांचेझ नावाच्या मेक्सिकन तरुणाला पकडतात. क्विनलन हा अमेरिकन पोलीस अधिकारी, ती भूमिका खुद्द वेल्सची. त्याचा स्वतःच्या अंतःप्रेरणेवर पूर्ण विश्वास. सांचेझच्या घरात बुटांच्या खोक्यात डायनामाइट 'सापडतं'. पण थोड्याच वेळापूर्वी तेच खोकं व्हार्गसनं, आणि त्याच्याबरोबर आपण, रिकामं पाहिलेलं आहे. पुन्हा तेच, आपल्याला एक गोष्ट जास्त ठाऊक आहे. शेवटी कळतं की सांचेझनं गुन्हा कबूल केला. पुरावा खोटा होता आणि संशय खरा! वेल्स आपल्याला समाधान मिळू देत नाही. अर्थात मेक्सिकन व्हार्गसच्या भूमिकेत चेहरा रंगवलेला चार्लटन हेस्टन आहे, हेही विसरायचं नाही. पूर्वग्रहावरचा चित्रपटसुद्धा त्याच्या काळाच्या पूर्वग्रहातून सुटला नाही.

तर हातांचं काय करायचं? रबरी मोजे घालू नका, तो पळपुटेपणा झाला, शिवाय मोजे दिसले की पुन्हा खुनी आला. मला विचाराल तर मी ते हात आजोबांचेच ठेवीन. स्वतःच्या हातानं डबी भरणारा म्हातारा, स्वतःच ठरवलेला बुधवार. पण मग दोन रकान्यांचं गणित पुन्हा मांडावं लागेल, कारण आता ते त्याला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फोनवरच्या माणसाला, बुधवारी येणाऱ्या नातवाला. आणि डबी पडल्यावर वाकून गोळ्या गोळा करणारा माणूस बुधवार शोधतो आहे की चुकवतो आहे, हे अभिनयातून दिसलं पाहिजे. त्यासाठी चांगला ज्येष्ठ नट लागेल. हौशी नाट्यसंस्थांत विचारा, ही मंडळी खुशीनं येतात, फक्त वाकायचा शॉट दोनदाच घ्या.

प्रश्न असतील तर घेऊ.