‘रानटी’ की ‘रायवळ’? : थोरोच्या एका निबंधातील विशेषणाविषयी

हेन्री डेव्हिड थोरोचा ‘वाइल्ड ॲपल्स’ हा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, नोव्हेंबर १८६२ मध्ये, ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात प्रसिद्ध झाला. निसर्गस्तोत्र म्हणून त्याची वाखाणणी होते. परंतु निबंधाचे मर्म शीर्षकातील विशेषणात आहे, आणि ‘रानटी’ या प्रतिशब्दाने ते मराठीत उतरत नाही.

थोरोपुढे दोन झाडे आहेत. एक अमेरिकेच्या भूमीतले मूळचे ‘क्रॅब’ सफरचंद. ते त्याला १८६१ मध्ये मिनेसोटाच्या प्रवासात पाहावयास मिळाले. दुसरे, युरोपीय वसाहतकारांनी आणलेल्या फळाच्या बीपासून मॅसॅच्युसेट्सच्या कुरणांत आपोआप रुजलेले. निबंधाचा नायक हे दुसरे झाड होय. गुरे त्याचे शेंडे वर्षानुवर्षे खुडतात. ते आडवे पसरून काटेरी झुडूप बनते. अखेर गुरांचे तोंड न पोहोचणारा मधला कोंब उंच झेपावतो. येथे रानवटपणा हा जन्मसिद्ध नसून कमावलेला आहे. ‘रानकेळ’ या शब्दातील ‘रान’ निराळी जात दर्शवितो. थोरोच्या झाडाला जवळचा शब्द आहे ‘रायवळ’. रायवळ आंबाही लागवडीतल्या आंब्याचाच वंशज, मात्र कलमाचा नव्हे, कोयीचा.

सफरचंदाचे रोप मातृवृक्षाची हुबेहूब प्रतिकृती नसते. बीपासून वाढलेले प्रत्येक झाड स्वतंत्र वाण ठरते. म्हणून थोरोने लॅटिन द्विनामांचे विडंबन करीत रचलेली नामावली हा केवळ विनोद नव्हे. जितकी झाडे तितकी नावे हवीत, आणि कोणतीही भाषा तितकी पुरवू शकत नाही, हे तीतून सूचित होते. कलमामुळेच एक नाव पिढ्यान्‌पिढ्या एकाच फळाला चिकटून राहते.

निबंधाचे वैगुण्यही येथेच दिसते. शेवटी थोरो कुंपणातल्या कलमी बागांना दोष देऊन रानवट सफरचंदाच्या अस्तासाठी विलाप करतो. परंतु ‘बाल्डविन’ हे नामांकित कलमी फळ मुळात अशाच आपोआप उगवलेल्या झाडाचे, हे त्यानेच आधी नोंदविले आहे. रानवट झाड बागेतून निसटते आणि बाग त्यातूनच नवे वाण उचलते, ही देवघेव विलापाच्या भरात झाकोळते. आज लागवडीच्या सफरचंदाचे मुख्य मूळ मध्य आशियातील तिएनशान पर्वतराजीतल्या वन्य जातीत असल्याचे सिद्ध झाले आहे. त्यामुळे ही देवघेव किती जुनी आहे तेही कळते.

‘रानटी’ हा प्रतिशब्द स्वीकारणारा अनुवादक हा विलाप तेवढा मराठीत आणील. ‘रायवळ’ स्वीकारणाऱ्याला त्यामागचा विचारही आणता येईल.