'आज्ञापत्र' आणि वसईचा तह

खालापूर तालुक्यातून बोरघाट चढताना मराठी राज्याचा उत्तरकाळ आठवल्यावाचून राहत नाही. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी इंग्रजांची फौज याच घाटाने वर आली. पुण्याचे कारभारी एकजुटीने उभे ठाकले आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे त्या फौजेला नामुष्कीचा तह पत्करावा लागला. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी राघोबादादांचेच पुत्र दुसरे बाजीराव यांनी वसईस इंग्रजांची तैनाती फौज आपणहून स्वीकारली. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने घाटमाथ्यापासून पनवेलपर्यंत रस्ताही बांधून घेतला.

ही घसरण समजून घ्यायची, तर रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' पुन्हा वाचावे लागेल. त्यातील टोपीकरांविषयीच्या विवेचनाचा आपल्याकडे नेहमीच गौरव होतो. हे व्यापारी इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी राजसत्ता उभ्या आहेत, त्यांना किनाऱ्यावर पक्के ठाणे करू देऊ नये, हा अमात्यांचा इशारा. गौरव रास्तच आहे. मात्र आपले वाचन बहुधा तिथेच थांबते. वसईच्या तहात इंग्रज वखारीच्या वाटेने आला नाही. हडपसरला यशवंतराव होळकरांकडून पराभव झाल्यावर खुद्द पेशव्यानेच त्याला घरात घेतले.

या घटनेचा उलगडा त्याच ग्रंथातील वतनदारांच्या प्रकरणात होतो. परचक्र आले की वतनाच्या लोभाने शत्रूला आधी जाऊन भेटणारा वतनदार अमात्यांनी नेमका ओळखला होता. १८०२ मध्ये राज्याचा धनीच असा वतनदार झाला. किमान सहा हजार पायदळ आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख, इंग्रजांच्या सल्ल्यावाचून परराज्यांशी बोलणी नाहीत, या अटींवर गादी राहिली आणि राज्य गेले. ही दोन प्रकरणे एकत्र वाचली, म्हणजे मांडलिकत्वाची पूर्ण मीमांसा हाती येते. ग्रंथाची मर्यादाही इथेच दिसते. वतनदाराला आवरण्याचा भार अमात्यांनी राजावर टाकला आहे. राजाच वतनदार झाला तर काय, याचे उत्तर त्यात नाही.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात रणगाडे शिरले, तेव्हा मॉस्कोच्या हाती तिथल्याच काही नेत्यांचे निमंत्रणपत्र होते. बलाढ्य शेजाऱ्याला निमित्त लागते. ते बहुधा घरातलेच कोणी पुरवते. 'आज्ञापत्रा'च्या अभ्यासकांनी टोपीकरांइतकेच वतनदारांकडेही लक्ष द्यावे, ते यासाठी.